आधी तोंड, मग पोट

बाई गरोदर आहे म्हटल्यावर लोक तिच्या पोटाकडे बघतात. हमीदा सिस्टर तोंडात बघतात. आरोग्य उपकेंद्राचा उंबरठा ओलांडून बाई आत आली, की ‘बसा’ म्हणायच्या आधी त्या ‘आ करा’ म्हणतात. खांद्यावरच्या पिशवीतून पेनाएवढी बॅटरी निघते, चष्मा कपाळावर जातो, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळते. वजन, रक्तदाब, बाळाचे ठोके, लोहाच्या गोळ्या हे सगळं त्यानंतर. पहिलटकरणींना काही क्षण वाटतं, की आपण चुकून भलत्याच दवाखान्यात आलो. तोपर्यंत त्यांची खालची डावी दाढ तपासून झालेली असते.

हमीदा तांबोळी या सरकारने प्रशिक्षण देऊन नेमलेल्या सुईण आहेत. कागदोपत्री त्यांच्या पदाचं नाव बरंच लांब आहे आणि ते पूर्ण उच्चारलेलं मी कधी ऐकलेलं नाही. गावात त्यांना सिस्टर म्हणतात आणि पाठीमागे दातवाली म्हणतात. त्यांचं उपकेंद्र निमोण्याच्या पुढच्या एका गावात आहे. गावाचं नाव देत नाही, कारण ज्या कुटुंबाबद्दल पुढे लिहिलं आहे त्याचे कर्ते पुरुष तिथल्या सोसायटीचे चेअरमन आहेत आणि त्यांना वर्तमानपत्रात नाव यायला आवडतं, पण अशा कारणासाठी नाही. सिस्टर राहतात शिरूरला, आमच्या इमारतीत, माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर. मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो. माझी बायको गरोदर असताना सिस्टर पेढे द्यायला म्हणून खाली आल्या आणि तिचं तोंड तपासून वर गेल्या. पेढे दुसऱ्या दिवशी आले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पोटुशी बाई ओकते, ओकारीतलं आंबट पाणी दातावरून जातं आणि दात झिजतात. हिरड्या सुजतात, रक्त येतं. रक्त आलं म्हणून बाई घासणं बंद करते आणि मग हिरडीत पू होतो. दुखलं की ती जेवत नाही. ती जेवली नाही की बाळ जेवत नाही. शिवाय हिरडीतली घाण रक्तात उतरली तर बाळ दिवस भरायच्या आत बाहेर यायला बघतं. हे त्या एका श्वासात सांगतात, रोज, प्रत्येकीला, आणि शेवटी म्हणतात, “ओकल्यावर लगेच ब्रश न्हाई. आधी नुसत्या पाण्यानं चूळ. आन् मिसरी दिसली तर बोट कापीन.”

मिसरी ही त्यांची जन्माची वैरीण. आमच्याकडे बायका तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि सकाळी त्या भुकटीने दात घासतात. काही सकाळी घासतात, काही दुपारीही घासतात आणि काहींचं बोट दिवसभर तोंडातच असतं. त्याला कुणी व्यसन म्हणत नाही, दात घासणं म्हणतात. या हिशेबाने जिल्ह्यात आमच्याइतके दात कुणीच घासत नसेल. सिस्टर घरात शिरल्या की आधी चुलीपाशी जाऊन वास घेतात. भाजलेल्या तंबाखूचा वास आला तर तवा जप्त होतो. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत असे सात तवे मी स्वतः पाहिले आहेत.

यातली गंमत अशी, की सिस्टरचे यजमान दौंडला स्टेशनजवळ पानाचं दुकान चालवतात आणि त्या दुकानात तंबाखू मिळते. दुकान सासऱ्यांपासूनचं आहे. सिस्टर दर रविवारी दौंडला जातात आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परततात. लग्नापासून हेच चाललं आहे. एकदा त्यांनी दुकानावर पाटी लावायला लावली, ‘गरोदर स्त्रियांच्या घरी तंबाखू दिली जाणार नाही.’ यजमानांनी मुकाट्याने लावली. मी एकदा विचारलं, पाटीचा काही परिणाम झाला का? ते म्हणाले, झाला की, आता प्रत्येक गिऱ्हाईक आधी शपथेवर सांगतं की आमच्या घरी कुणी गरोदर नाही.

आरोग्य खात्यालाही सिस्टरचं काय करावं हे नीट समजलेलं नव्हतं. मोबाइलमधल्या सरकारी ॲपात गरोदर बाईची सगळी माहिती भरायची सोय आहे, दाताची नाही. म्हणून सिस्टर शेऱ्याच्या रकान्यात लिहायच्या, ‘वरची उजवी दुसरी दाढ, भोक.’ तालुक्याच्या बैठकीत एका साहेबांनी त्यांना समजावलं, की सिस्टर, आपल्याकडे दाताचा रकाना नाही. सिस्टर म्हणाल्या, “साहेब, दात तोंडात असत्यात, रकान्यात न्हाई.” बैठकीच्या इतिवृत्तात एवढंच आलं, की दातांबाबत चर्चा झाली.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. गरोदरपण आणि दात यावर बातमी करा, असा त्यांचा तगादा दोन वर्षं चालू होता. शेवटी मी चार ओळी दिल्या. त्या आतल्या पानावर कांद्याच्या आवकेखाली छापून आल्या. सिस्टर वर्तमानपत्र घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, “कांदा रोज येतो तुमच्या पेपरात. त्याला काय नववा लागलाय का?”

मग एका वर्षी अचानक उपकेंद्रात गर्दी वाढली. ज्या सासवा सुनांना तपासणीला पाठवायला तयार नसत, त्या स्वतः हात धरून आणू लागल्या. सिस्टर तोंडात बघत असताना या सासवा सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत. खात्याने उपस्थितीबद्दल सिस्टरना प्रशस्तिपत्र दिलं. कारण उशिरा समजलं. सिस्टरनी एका बाईचं तोंड पाच मिनिटं तपासून समाधानाने मान हलवली होती आणि तिला मुलगा झाला होता. दुसरीच्या वेळी कपाळाला आठ्या पडल्या होत्या आणि तिला मुलगी झाली. पुरावे दोनच होते, पण गावात याहून कमी पुराव्यावर सरपंच बदललेले आहेत. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी सांगायला कायद्याने बंदी, तेव्हा सरकारने बायकांच्या सोयीसाठी ही दुसरी वाट ठेवली आहे, असं गावाने ठरवून टाकलं.

गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी हे सांगितलं तेव्हा सिस्टर तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘येथे मुलगा की मुलगी हे सांगितले जात नाही.’ हे वाक्य गावाला पाठ होतं. ते प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात लावलेलं असतं. उपकेंद्रात तेच झळकल्यावर ज्या दोन-चार जणांना शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

अश्विनी आली ती या काळात. चेअरमनांची सून, पहिली मुलगी चार वर्षांची, दुसऱ्या खेपेचा सहावा महिना. उजवा गाल सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, आणि महिन्याभरात वजन वाढायच्या ऐवजी दीड किलो उतरलेलं. सिस्टरनी बॅटरी धरली. खालच्या शेवटच्या दाढेशी हिरडी फुगून पांढरी झाली होती आणि सगळ्या तोंडाला मिसरीचा काळा लेप होता.

“कवापासून?”

“दोन म्हैने. मिसरी लावली की ठणका थांबतो, सिस्टर. मग चार घास जातात.”

“आन् लावली न्हाई तर?”

अश्विनीने डोळ्याच्या कडेने बाजूला पाहिलं. सासू शेजारी उभी होती.

सासूचं नाव काशीबाई. मिसरी त्यांनीच दिली होती, आणि मायेने दिली होती. त्यांच्या स्वतःच्या तोंडात पुढचे चार दात उरले होते. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. पोरामागं दोन दात जायचेच, एवढी रीत त्या सुनेलाही सांगून बसल्या होत्या. दाढ काढायचं नाव काढताच त्यांनी नकार दिला. दाताची शीर थेट गर्भाला जाते, ओढली की पोर सुटतं, आणि हे त्यांच्या चुलत जावेच्या बाबतीत घडलेलं होतं. चुलत जाऊ हयात नसल्याने पडताळणी करता आली नाही.

सिस्टर त्या दिवसापासून रोज त्यांच्या वस्तीवर जाऊ लागल्या. एरवी भांडायला जातात तशा नाही. दुचाकी लावायची, पडवीत बसायचं आणि अश्विनी किती खाते ते बघायचं. ती अर्धी भाकरी दुधात कुस्करून गिळत होती. पुढे तेही थांबलं. चहावर दिवस निघू लागला. शिरूरच्या एका दंतवैद्याने तोंड न बघताच सांगितलं, बाळंतपण होऊ द्या, मग बघू. तेव्हा सिस्टर माझ्याकडे आल्या आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, “पू वर चढला तर बाळंतपण आपल्या सवडीनं व्हायचं न्हाई. सातव्यातच होईल. आणि तसल्या अंगानं ती पोरगी निभावायची न्हाई.” दौंडला एक तरुण दंतवैद्य बाई होत्या. सहावा महिना म्हणजे उलट योग्य वेळ, घेऊन या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. अडचण फक्त काशीबाईंची होती.

आणि एका सकाळी काशीबाई तयार झाल्या. सिस्टर त्यांना सांगत होत्या, की डॉक्टरीणबाई आधी फोटो काढतील, मग ठरवतील. काशीबाईंनी विचारलं, फोटोत दिसंल का? सिस्टर म्हणाल्या, सगळं दिसंल. काशीबाई म्हणाल्या, मग उद्याच जाऊ.

चेअरमनांची गाडी एका साखरपुड्याला जायची होती. सुनेच्या दाढेपेक्षा साखरपुडा मोठा, हे त्या घरात न बोलताच ठरलं. म्हणून माझी गाडी निघाली. पुढे मी आणि सिस्टर, मागे सासू-सून. न्हावरे सोडल्यावर काशीबाई पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “दौंडात लगीच सांगत्यात का, का मागनं कळवत्यात?”

“काय कळवायचं?” सिस्टर म्हणाल्या.

“आता तुमी बी. पोरगं का पोरगी ते. फोटूत दिसंल म्हनला न्हवं?”

मी वेग कमी केला. याच प्रश्नावरून सिस्टरनी मागे एका माजी उपसरपंचाला उपकेंद्रातून दंडाला धरून बाहेर काढलेलं मला माहीत होतं. आता गाडी थांबवायला सांगतील, काशीबाईंना खाली उतरवतील आणि रस्त्याच्या कडेला उसाच्या साक्षीने कायदा समजावतील, अशी माझी अपेक्षा होती. आरशात अश्विनी दिसत होती. पदराचा बोळा गालाला धरून ती डोळे मिटून बसली होती.

 भीमेचा पूल ओलांडल्यावर सिस्टर म्हणाल्या, “आधी दाढ बघू, मामी.”

दवाखाना दोन खोल्यांचा होता आणि मधे काच होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आतलं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. डॉक्टरीणबाईंनी अश्विनीला खुर्चीवर टेकवलं आणि जबड्याचा फोटो घेण्याआधी शिशाचं जड एप्रन आणून तिच्या पोटावर पसरलं. गरोदर बाईच्या पोटाला किरण लागू नयेत म्हणून घ्यायची ती साधी काळजी आहे. काशीबाई उठून उभ्या राहिल्या.

“आवो, पोट झाकलं तर दिसायचं कसं?”

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर काशीबाईंनी सुनेला तिथूनच उठवलं असतं, यात मला शंका नव्हती. अश्विनी तोंड उघडून तशीच पडली होती. भिंतीवर मुलगा-मुलगी न सांगण्याची पाटी नव्हती, कारण दातांच्या दवाखान्यात ती लावायची गरज आजवर कुणाला वाटली नव्हती.

“मामी, हे मशीन येगळं हाय,” सिस्टर म्हणाल्या. “ह्याला झाकल्यावरच दिसतं.”

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत या बाईने रजेच्या अर्जातही कधी ताप आला नसताना ताप लिहिलेला नाही. हे मी त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलं आहे आणि ते तक्रारीच्या सुरात सांगत होते.

फोटो झाला. हिरडी बधिर केली, पू काढला, दाढ निघाली. अश्विनी ओरडली नाही. काशीबाईंनी सगळा वेळ तिचा पाय धरून ठेवला होता, हेही नमूद करायला हवं. शीर ओढली जाऊन काही होतं का, ते त्या श्वास रोखून बघत होत्या. काही झालं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, काय दिसलं? सिस्टर म्हणाल्या, “दाढ सडली व्हती, काढली. आता तीन म्हैने हिला पोटभर जेवू घाला. मग कळंल.” काशीबाईंनी याचा अर्थ आपल्या परीने लावला असावा, कारण परतताना त्या खुशीत होत्या.

यजमानांचं दुकान वाटेत लागलं. मी गाडी थांबवू का म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, नको, आज रविवार न्हाई.

गावाबाहेर पडल्यावर मागे दोघी झोपल्या. अश्विनीचं डोकं सासूच्या खांद्यावर होतं. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या अडकल्या होत्या, म्हणून गाडी बराच वेळ जागेवर उभी राहिली. तेव्हा सिस्टर बोलल्या. मी काही विचारलेलं नव्हतं.

“तुम्हाला वाटत असंल, ही बाई तोंडाच्या मागं एवढी का लागली. पोट आता सोनोग्राफीवाल्याचं. रक्त लॅबवाल्याचं. बाळंतपण शिरूरच्या नायतर पुण्याच्या दवाखान्यात. बरंच हाय ते, बाया जगत्यात, मी न्हाई म्हणत न्हाई. आमचं बाळंतपणाचं टेबल हाय अजून, त्याच्यावर गोळ्यांची खोकी ठेवल्यात. शेवटचं पोर ह्या हातांवर आलं त्याला सहा वर्षं झाली. तोंड तेवढं कुणी मागितलं न्हवतं. म्हणून मी घेतलं.”

ट्रॉल्या हलल्या. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. 

अश्विनी जेवू लागली. तिसऱ्या आठवड्यात भाकरी, मग भाजी, मग मटणाची नळी. सिस्टर वस्तीवर जात राहिल्या आणि तिथला तवाही त्यांनी उचलला. नऊ महिने पूर्ण भरले. शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात अश्विनीला मुलगी झाली. आई आणि बाळ दोघी सुखरूप होत्या. सिस्टरना हे आशाताईंच्या फोनवरून समजलं. चेअरमनांच्या घरून निरोप आला नाही.

दीड महिन्याने पहिल्या लसींचा दिवस होता. मला लसीकरणाचा फोटो हवा होता, म्हणून मी उपकेंद्रात होतो. रांग व्हरांड्याच्या बाहेर गेली होती. अश्विनी रांगेत उभी राहून भाजलेले शेंगदाणे खात होती, दोन्ही बाजूंच्या दाढांनी, चांगले कडाकडा. बाळ काशीबाईंकडे होतं. दिवसभरात त्यांच्याइतकं तोंड पाडून कुणी आलं नव्हतं. नंबर आल्यावर त्या टेबलापाशी आल्या, पण बाळ त्यांनी पुढे केलं नाही.

“तुमाला तवाच कळलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “पोरगी हाय ते. आन् मला फसवलंसा.”

“न्हाई, मामी. त्या फोटूत निसती दाढ व्हती. फसवलं एवढं खरं. खोटं बोलले मी तुमच्याशी.”

रांगेतल्या बायकांनी माना पुढे काढल्या. काशीबाईंनी बाळाचं दुपटं सारखं केलं.

“आन् कळलं असतं तर?”

“तर बी खोटंच बोलले असते.”

काशीबाईंनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. अश्विनीचं चघळणं थांबलं होतं. काशीबाई म्हणाल्या, “गालावर मांस आलंय बघा तिच्या,” आणि बाळ सिस्टरच्या हातात दिलं.

वजन चांगलं भरलं. सिस्टरनी थेंब पाजले, मग मांडीत सुई टोचली. बाळ लाल होऊन रडू लागलं. एरवी त्या सुई काढताकाढता पुढचं नाव पुकारतात. या वेळी बाळाला तसंच हातात घेऊन त्या उठल्या, नळाशी गेल्या, एकेक करून दोन्ही हात साबणाने धुतले आणि करंगळी बाळाच्या तोंडात दिली. बोट वरच्या हिरडीवरून फिरलं, मग खालच्या. बाळाने रडणं थांबवलं आणि करंगळी घट्ट धरून चोखायला लागलं.

“द्या इकडं,” काशीबाई म्हणाल्या. “भूक लागली आसंल.”

“थांबा थोडं,” सिस्टर म्हणाल्या.

काशीबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. रांगेत अजून अकरा बायका होत्या. पुढचं नाव सिस्टरनी पुकारलं नाही.